पोलाद किती खोल दिसतं?

प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या क्ष-किरण यंत्रात बहुधा तांब्याचं लक्ष्य असलेली नळी असते. तिच्यातून निघणाऱ्या किरणांची ऊर्जा ८ केईव्ही, म्हणजे आठ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट. पोलादात ४ मायक्रॉन आत शिरेपर्यंत त्यांची तीव्रता एक तृतीयांशावर येते. शिवाय हे किरण लोखंडाच्या अणूंना चेतवून त्यांचे स्वतःचे क्ष-किरण बाहेर काढतात, आणि त्याचं धुकं आलेखाच्या तळाशी साचतं. थोडक्यात, आपण पोलाद बघतोय असं म्हणतो तेव्हा बघत असतो पोलादाची कातडी.

आमच्या कामात ही कातडीच दगा देते. मोटारीच्या सांगाड्यात जी ‘ट्रिप’ जातीची पोलादं वापरतात, त्यांत फेराइटच्या जोडीला थोडं ऑस्टेनाइट, म्हणजे अणूंची वेगळी मांडणी असलेलं लोखंड, मुद्दाम राखलेलं असतं. धक्का बसला की या ऑस्टेनाइटचं कडक मार्टेन्साइट होतं, आणि पत्रा फाटण्याऐवजी ताणत ताणत कडक होत जातो. हे ऑस्टेनाइट किती आहे, हाच आमचा प्रश्न. पण तपासणीसाठी पत्रा एमरी पेपरवर घासायला घेतला की तोही ऑस्टेनाइटला धक्काच. वरच्या काही मायक्रॉनमध्ये ते घासतानाच बदलून जातं, आणि यंत्र नेमके तेच मायक्रॉन बघतं. शितावरून भाताची परीक्षा इथे फसते, कारण वरचं शीत आपणच चेचलेलं असतं.

म्हणून एमरी पेपर ठरावीक जाडीपर्यंतच. पुढचं काम परक्लोरिक आम्ल आणि मिथेनॉलच्या गार मिश्रणात, विजेच्या मदतीने. मिश्रण तापू द्यायचं नाही. परक्लोरिक आम्लाशी खेळ नको. पत्रा ५० मायक्रॉनपर्यंत उतरवायचा आणि तोही सगळीकडे सारखा. या कामाला कोणी संशोधन म्हणत नाही, शोधनिबंधात त्याला एक ओळ मिळते. माझ्या मते निम्मा निकाल मात्र इथेच लागलेला असतो.

५० मायक्रॉनच का, याचं उत्तर इंदूरमध्ये आहे. शहराच्या कडेला, सुखनिवास तलावाजवळ राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे आणि तिथे इंडस-२ हे सिंक्रोट्रॉन. त्याच्या वलयाचा परीघ १७२.५ मीटर. मायक्रोट्रॉनमध्ये इलेक्ट्रॉन २० एमईव्हीपर्यंत नेतात, बूस्टरमध्ये ५५० पर्यंत, मग मुख्य वलयात सोडून अडीच जीईव्ही, म्हणजे अडीचशे कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत चढवतात. प्रकाशाच्या जवळपास वेगाने ते सेकंदाला सतरा लाखांहून जास्त फेऱ्या मारतात, आणि चुंबकांनी वळवलं की प्रत्येक वळणावर स्पर्शरेषेच्या दिशेने क्ष-किरण फेकतात. १९४७ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या यंत्राच्या पारदर्शक नळीतून हा प्रकाश पहिल्यांदा डोळ्यांना दिसला. त्वरक बांधणाऱ्यांना तो बराच काळ नुकसानच वाटे: इलेक्ट्रॉनना कष्टाने दिलेली ऊर्जा वळणावर सांडून जाते म्हणून. आज ती सांडलेली ऊर्जा गोळा करायला आम्ही रांगेत उभे राहतो.

या किरणांतून मोनोक्रोमेटरने २० केईव्हीच्या आसपासचे तेवढे निवडले, तर लोखंडात ते सुमारे ५० मायक्रॉन जातात. म्हणून पत्रा तेवढा. एका बाजूने किरण आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. मधलं पोलाद सगळं हिशेबात येतं, दोन्ही पृष्ठभाग धरून.

प्रत्यक्ष काम संथ असतं. छातीवर रेडिएशनचा बॅज लावायचा, सँपल होल्डरवर बसवायचं, मग शिशाने मढवलेल्या हचमध्ये, म्हणजे प्रयोगाच्या खोलीत, कोणी राहिलं नाही याची खात्री करत सर्चची बटणं दाबून बाहेर यायचं. भोंगा वाजतो, दार लागतं, इंटरलॉक बसतो आणि मगच शटर उघडता येतं. सँपल केसभर सरकवायचं असलं तरी हाच विधी पुन्हा. शिवाय वलयातला प्रवाह तासागणिक ओसरत जातो, तसा एक्स्पोजरचा वेळ वाढवावा लागतो. इंडस-२ मध्ये इलेक्ट्रॉन कमी ऊर्जेला भरून मग वर चढवावे लागत असल्याने पुन्हा भरताना किरण बंद राहतात. चहा तेव्हाच. तिथली मंडळी हिंदी बोलता बोलता इंदुरी मराठीवर येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, ‘‘जाडी मोजून आणलीय ना?’’

सुरुवात आपल्या सँपलने होतच नाही. आधी लँथनम हेक्साबोराइडची पूड लावायची. तिच्या स्फटिकातली अंतरं पक्की माहीत असतात. तिच्यातून विखुरलेल्या किरणांची वलयं इमेज प्लेटवर कुठे पडतात त्यावरून प्लेटचं अंतर, तिचा कल, किरणांची नेमकी तरंगलांबी ठरवून घ्यायची. मग पोलाद. इमेज प्लेट वाचून पडद्यावर समकेंद्री वलयं उमटतात तेव्हा नवखा विद्यार्थी हरखतो. मीही हरखतो, पण लगेच आतल्या दोन वलयांकडे बघतो. ऑस्टेनाइटचं पहिलं आणि फेराइटचं पहिलं वलय अगदी खेटून असतात: प्लेट २०० मिलिमीटरवर असेल तर त्यांत जेमतेम दीड मिलिमीटरचं अंतर. ती सुटी दिसली तर पुढचं गणित होतं. बाहेरच्या आणखी वलयांची तीव्रता मोजून दोन्ही प्रकारांचं प्रमाण काढता येतं.

वलयाची जागा आणखी एक गोष्ट सांगते: पोलादातला ताण. पोलादात १००० भागांत एक भाग ताण असेल, तर तो सुमारे २०० मेगापास्कल दाब-ओढीइतका असतो. छोटी गोष्ट नाही. त्याने ६३ मिलिमीटर त्रिज्येचं वलय सरकतं ०.०६ मिलिमीटर, म्हणजे ०.१ मिलिमीटरच्या एका पिक्सेलपेक्षाही कमी. तरी ते मोजता येतं, कारण वलयाची कड न बघता त्याच्या तीव्रतेच्या आलेखाचा मध्य काढायचा असतो. एकाच दिशेला ओढ असेल तर वलय किंचित लंबगोल होतं.

कधी वलय अखंड नसतं, ठिपक्याठिपक्यांचं येतं. म्हणजे कण मोठे आहेत आणि किरणांच्या वाटेत थोडेच सापडलेत. आमच्या मोजणीत हे ठिपके नकोसे. सँपल मागेपुढे हलवून ते पुसायचा खटाटोप करावा लागतो. पण याच ठिपक्यांवर काहींनी नवं शास्त्र उभं केलं. एक ठिपका म्हणजे एक कण, आणि ठिपक्याची तीव्रता म्हणजे त्या कणाचं आकारमान. फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या ईएसआरएफ या ८४४ मीटर घेराच्या, ६ जीईव्हीच्या वलयावर नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या ऑफरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कच्या रिसोमधल्या गटाबरोबर तापलेलं पोलाद सावकाश निववत ठेवलं, आणि ऑस्टेनाइटमधून फेराइटचे कण एकेक करून जन्मताना आणि वाढताना मोजले. ते काम २००२ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलं. नवा कण जन्मायला लागणारी ऊर्जा तेव्हाच्या मॉडेलांच्या अंदाजाहून निदान १०० पट कमी निघाली. धातुशास्त्राच्या वर्गात आपण ज्या सिद्धांतावर परीक्षा देतो, त्याची ही एकेका कणावर झालेली थेट तपासणी. सरासरीत हे कधी दिसलं नसतं.

हा प्रयोग ग्रनोबललाच का झाला? तिथले किरण ८० केईव्हीचे होते. एवढ्या ऊर्जेला पोलादात २ मिलिमीटर गेल्यावर तीव्रता एक तृतीयांश उरते, म्हणजे ४ मिलिमीटर जाड तुकड्यातूनही पुरेसे किरण पलीकडे निघतात. तुकडा भट्टीत ठेवा, ओढा, वाकवा; पोलाद आपलं काम करत असताना आतून दिसतं. ते पातळ करायला नको, आम्लात बुडवायला नको. इंडस-२ च्या वळणचुंबकांमधून निघणाऱ्या किरणांचा भर ६ केईव्हीच्या आसपास असतो. ८० पर्यंत जाता जाता ते फार विरळ होतात. तो यंत्राचा दोष नाही. अडीच जीईव्हीच्या वलयाकडून जे मागायचं ते हे नव्हे.

माझं मत सरळ आहे. पातळ पत्रा, पूड, लेप, काचरूप मिश्रधातू, अणूभोवतीच्या शेजाऱ्यांची मांडणी यांसाठी इंदूर पुरेसं आहे, आणि आपल्याकडचे किती तरी धातुशास्त्र विभाग तिथे प्रस्तावसुद्धा पाठवत नाहीत ही आळसाची गोष्ट आहे. पण पुण्याच्या फोर्जिंगमधल्या क्रँकशाफ्टच्या पोटात उरलेला ताण किंवा कोल्हापूरच्या ओतकामातल्या जाड भिंतीतली रचना आपल्याला देशातल्या सिंक्रोट्रॉनवर बघता येत नाही. त्यासाठी हॅम्बुर्गच्या पेट्रा-३ या सिंक्रोट्रॉनसारख्या ठिकाणी वेळ मागावा लागतो. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या मदतीने भारतीय संशोधकांना तो मिळतोही, मात्र मोजक्या दिवसांचा. उद्योगाचे प्रश्न असे तारखेची वाट बघत थांबत नाहीत. भारताला जास्त ऊर्जेचं स्वतःचं वलय हवं, आणि ते फक्त भौतिकशास्त्रज्ञांनी मागून भागणार नाही. फोर्जिंगवाल्यांनी, ओतकामवाल्यांनी आणि पत्रा लाटणाऱ्यांनी आपापले जाड तुकडे पुढे करून ते मागायला हवं.