मापातून घडलेली दृष्टी

मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेची स्थापना १८५७ सालची; तिच्या वास्तुशाखेची धुरा क्लॉड बॅटली यांनी १९२३ पासून १९४३ पर्यंत वाहिली, आणि त्या वीस वर्षांत मोजफीत घेऊन जुन्या वास्तूंसमोर उभे राहणे, स्तंभाचा घेर व कमानीची उंची स्वहस्ते मोजून प्रमाणबद्ध नकाशात उतरवणे, हा अभ्यासाचा नुसता दस्तूर न राहता विद्यार्थ्यांच्या दृष्टीवरील संस्कार ठरला. त्यापूर्वीच, १९१७ साली, याच शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी एक संघटना स्थापन केली होती. तीच पुढे ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ या देशव्यापी संस्थेच्या रूपाने नावारूपाला आली. विद्यार्थिदशेतल्या स्नेहबंधाला एवढे दूरगामी फळ क्वचितच लाभते. वास्तुशाखेचे स्वतंत्र महाविद्यालय १९५८ मध्ये झाले.