कुपा कुठे सापडतो? पाण्याच्या थरांना विचारा

वैशाखात विहिरीत पोहायला उतरलं की छातीपर्यंतचं पाणी कोमट लागतं आणि पाय मात्र गारठतात. समुद्राचंही तसंच आहे, फक्त मोजमाप मोठं. वरचं पाणी उन्हानं तापतं, वारा ते घुसळतो, म्हणून तेवढा थर सारखा उबदार राहतो. त्याखाली थोड्याच अंतरात पाणी झपाट्यानं गार होत जातं. या दोन पाण्यांच्या मधल्या पट्ट्याला आपण सांधा म्हणू. तो कुठे वर असतो, कुठे खोल. कुपा, म्हणजे टूना, कुठे हाती लागणार हे बरंचसं या सांध्यावर ठरतं.

कुप्याला थांबता येत नाही. पोहत राहिला तरच कल्ल्यांवरून पाणी वाहतं आणि त्याला श्वास मिळतो. एवढ्या धावपळीला प्राणवायूही भरपूर लागतो. आपल्या अरबी समुद्रात मात्र साधारण १०० ते १५० मीटरखालच्या पाण्यात प्राणवायू फारच कमी आहे, तो थेट १,००० मीटरपर्यंत. म्हणून पिवळ्या परांचा कुपा मधूनमधून खाली सूर मारतो, पण पुष्कळ वेळ वरच्याच थरात काढतो. मोठ्या डोळ्यांचा कुपा गार पाणी जास्त सोसतो. त्याच्यासाठी गळ खोल सोडावे लागतात.

मोठी जहाजं कुप्याच्या थव्याभोवती जाळं टाकतात आणि बटव्याची नाडी ओढावी तसा त्याचा तळ आवळतात. सांधा वर असला तर मासा गार पाण्यात जायला कचरतो आणि जाळ्यात राहतो. सांधा खोल गेला की तळ आवळायच्या आत तो खालून निसटतो. १९९७ साली हिंदी महासागरात असंच झालं. विषुववृत्तावरचे वारे उलटे वाहिले, उबदार पाणी आफ्रिकेच्या बाजूला साचलं आणि तिकडचा सांधा खोल गेला. नेहमी सेशेल्सच्या आसपास मासेमारी करणारी जहाजं १९९८ च्या सुरुवातीला हजारो किलोमीटर पूर्वेला गेली. तिथे सांधा वर आला होता. मासा काही संपला नव्हता!

लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटापासून थोडं बाहेर पडलं की समुद्र एकदम खोल होतो. तिथले लोक जिवंत बारीक मासळी पाण्यात उधळून थवा वर आणतात आणि काठीला बांधलेल्या गळानं एकेक कुपा ओढतात. त्याचं सुकवलेलं मासमीन प्रसिद्ध आहे. आपल्या कोकणासमोर मात्र उथळ समुद्र दूरवर पसरलेला आहे. बाजारात येणारी लहान गेदर या किनाऱ्याजवळच्या पाण्यातही मिळते, पण मोठ्या कुप्यासाठी खोल पाणी गाठावं लागतं. म्हणजे डिझेल, बर्फ आणि जास्तीचे दिवस. गटातून त्या फेरीला पैसे जाणार असतील तर हा हिशेब आपल्यालाही कळायला हवा.

हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था मासळी कुठे मिळण्याचा संभव आहे याची सूचना देते, तीही मराठीत. दिशा, अंतर, खोली सगळं त्यात असतं. उपग्रह पाण्याची उष्णता आणि हिरवा रंग टिपतो, त्यावरून हा अंदाज निघतो. ही सूचना जरूर घ्यावी, पण उपग्रहाला पाण्याची वरची साय तेवढी दिसते, सांधा नाही. खालचं मोजायला आर्गो नावाचे तरंगते यंत्र आहेत. ते २,००० मीटर खाली जाऊन वर येतात, पण एकमेकांपासून शेकडो किलोमीटर लांब असतात. आपल्या होडीपुरतं त्यांतून फारसं कळत नाही, असं आम्हाला वाटतं. दाट ढगांत आणि मासेमारी बंदीच्या काळात तर सूचनाही मिळत नाही.

म्हणून होडी परत आली की तांडेलाला किती मासळी मिळाली एवढंच विचारू नका. गळ किती वाव खोल सोडला होता, कुपा कितीवर लागला, वारा कसा होता, तेही विचारा आणि तारखेसह गटाच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या हंगामात डिझेलला पैसे द्यायच्या आधी ती पानं काढून बघता येतील.