थंडी रेंगाळली तर उसात भेंडी कधी टोकावी?



सुरू उसाची लागण उरकली की मोकळ्या वरंब्यावर भेंडी, गवार, काकडी घ्यायची आपल्याकडे चाल आहे. ऊस मोठ्या बांधणीला येईस्तोवर चार पैसे हाती येतात, खतापाण्याचा खर्च भागतो. परंतु थंडी लांबली की प्रश्न पडतो, टोकण करावी का थांबावे?

संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो हे खरे, पण जमीन लगेच तापत नाही. 2019 साली तर 9 फेब्रुवारीला पुण्याचा पारा 5 अंशांच्या आसपास उतरला होता. तेव्हा तारखेवर विसंबू नये.

मीही एकदा शेजाऱ्याचे बघून घाई केली. दहा दिवस झाले तरी उगवण दिसेना, म्हणून पाण्यावर पाणी दिले. शेवटी उकरून पाहिले तर बी फुगून मऊ पडलेले. बियाणे गेले, मजुरी गेली आणि दुकानदाराशी उगाच भांडण झाले. दोष बियाण्याचा नव्हता, गार मातीचा होता.

भेंडीच्या बियाला ऊब लागते. माती 17-18 अंशांच्या खाली असली तर बी पाणी पिते, फुगते, पण कोंब जोर धरत नाही. तेवढ्यात बुरशी त्याला गाठते. काकडी, दोडका, कारले यांचेही तेच.

मग ओळखावे कसे? साधा थर्मामीटर घ्या. सकाळी सात-आठच्या सुमारास दोन इंच खोल मातीत पाच मिनिटे धरा. सलग चार-पाच दिवस 18 च्या वर पारा दिसला की टोकण करा. थर्मामीटर नसेल तर 25 बिया एका कोपऱ्यात टोकून बघा. आठवड्याभरात बहुतेक वर आल्या तर रान तयार आहे.

मात्र थांबायलाही हद्द आहे. उन्हाळी भेंडी दीड महिन्यात तोड्याला येते आणि पुढे महिना-सव्वा महिना चालते. उसाची मोठी बांधणी चार-साडेचार महिन्यांनी करावी लागते. फेब्रुवारी उलटून गेला तर भेंडीपायी बांधणी लांबते, उसाचे नुकसान होते. शिवाय ऊन वाढले की पांढरी माशी येते आणि पाने पिवळी पडतात. तोवर ऊब आली नाही तर यंदा भेंडी सोडा, मेथी-कोथिंबीर घ्या. त्यांना थंडी मानवते.

टोकण करताना एवढे पाळा :

1. आधी पाणी द्या, वाफसा येऊ द्या, मग टोका. टोकल्यावर भिजपाणी देऊ नका.
2. सरी पूर्व-पश्चिम असेल तर वरंब्याची दक्षिणेकडची बगल धरा. तिला ऊन जास्त लागते.
3. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, सावलीत सुकवून ट्रायकोडर्मा चोळा. पुडीतल्या रंगीत, औषध लावलेल्या बियाला मात्र भिजवू नका.
4. बी अर्धा-पाऊण इंचापेक्षा खोल घालू नका.

आठ दिवस थांबल्याने बाजार थोडा हुकेल, पण दुबार टोकणीत त्याहून जास्त जाते. ऊस हे आपले मुख्य पीक, भेंडी पाहुणी. पाहुणीला वेळेवर बोलवा आणि वेळेवर निरोप द्या.