आवडीचें काम आणि अतिश्रम

गेल्या सहामाहींत नववीच्या वर्गास आम्हीं ‘मोठेपणीं मी कोण होणार?’ हा विषय निबंधासाठीं दिला होता. डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक हीं ठरलेलीं उत्तरें आलींच. परंतु कित्येक मुलांनीं ‘मी व्हिडिओ गेम तयार करणार’ असें लिहिलें होतें. तें समजल्यावर एक पालक आमच्याकडे आले व त्यांनीं विचारलें, “मास्तर, ह्या धंद्यांत पोट भरतें काय?” पोट भरतें, व पुण्यामुंबईसही अशीं कामें आहेत, हें आम्हीं त्यांस सांगितलें. पण आमच्या मतें विचारण्याजोगा प्रश्न निराळाच आहे. ज्या आवडीपायीं मुलगा ह्या धंद्यांत शिरेल, ती आवड दहा वर्षांनंतर त्याच्यापाशीं उरेल काय? त्याचाच थोडा ऊहापोह येथें करण्याचें योजिलें आहे.

प्रथम हें काम कसें चालतें तें पाहूं. मोठा खेळ एकट्याच्या हातून होत नाहीं. प्रोग्रॅम लिहिणारे, चित्रें काढणारे, संगीत देणारे, कथा रचणारे व दोष शोधणारे अशीं शेंकडों माणसें त्यावर कित्येक वर्षें खपतात. भिंतीस किती विटा लागतील हें गवंडी आधीं सांगूं शकतो. खेळांत मौज किती येईल हें मात्र तो खेळून पाहिल्याखेरीज कोणासच सांगतां येत नाहीं. म्हणून केलेलें काम मोडावें लागतें व पुन्हां करावें लागतें. विक्रीचा दिवस मात्र बहुधा आधींच ठरलेला असतो; पाश्चात्त्य देशांत नाताळची खरेदी साधणें व्यापाऱ्यास फार मोलाचें वाटतें. काम वाढतें, तारीख हलत नाहीं. अशा वेळीं जी गोष्ट हलवितां येते, ती म्हणजे काम करणाऱ्याची झोंप. आठवडेच्या आठवडे, कधीं महिनोगणती चालणाऱ्या ह्या जादा कामास त्या धंद्यांत ‘क्रंच’ म्हणतात.

ह्याचें एक जुनें उदाहरण घ्या. १९८२ सालीं ‘ई. टी.’ ह्या चित्रपटावर खेळ करण्याचें काम अमेरिकेंतील अटारी कंपनीनें हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ ह्यांस दिलें. वॉरशॉ कसबी होते. त्यांचा ‘यार्स रिव्हेंज’ हा खेळ लोकांस फार आवडला होता. एरवीं अशा खेळास पांचसहा महिने लागत. येथें जेमतेम पांच आठवडे हातीं होते, कारण माल नाताळापूर्वीं दुकानांत जावयाचा होता. वॉरशॉ ह्यांनीं आव्हान हौसेनें स्वीकारलें. घरींही कामाचें यंत्र बसवून घेतलें, म्हणजे कामापासून फार वेळ दूर राहावें लागूं नये. खेळ मुदतींत झाला. पण तो खेळणाऱ्यांचा हिरमोड झाला, आणि लाखों प्रती विकल्याविना राहिल्या. १९८३ सालीं न्यू मेक्सिकोंतील अलामोगॉर्डो गांवाच्या उकिरड्यांत इतर मालाबरोबर ह्या खेळाच्या प्रतीही पुरण्यांत आल्या. २०१४ सालीं तेथें उत्खनन झालें तेव्हां त्या पुन्हां उजेडांत आल्या. कंपनीस त्या काळीं जो प्रचंड तोटा आला तो ह्या एकाच खेळामुळें नव्हे, हेंही सांगितलें पाहिजे. वॉरशॉ पुढें मानसोपचाराचें शिक्षण घेऊन, संगणकाच्या धंद्यांतील माणसांचीं गाऱ्हाणीं ऐकून त्यांस धीर देण्याचें काम करूं लागले.

हें एका माणसाचें झालें. २००४ सालीं इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ह्या कंपनींतील एका कामगाराच्या वाग्दत्त वधूनें निनांवीं लेख प्रसिद्ध केला. आरंभीं दिवसास आठ तास व आठवड्यास सहा दिवस. मग बारा तास. अखेर सकाळीं नवापासून रात्रीं दहापर्यंत, आठवड्याचे सातही दिवस, असें काम कसें वाढत गेलें, तें तिनें लिहिलें. पुढें तिचें नांव एरिन हॉफमन असल्याचें जाहीर झालें. त्या सुमारास जादा कामाच्या वेतनाविषयीं कामगारांनीं फिर्यादी केल्या, आणि तडजोडीनें कंपनीनें चित्रकारांस सुमारें १ कोटी ५६ लक्ष डॉलर व प्रोग्रॅमरांस सुमारें १ कोटी ४९ लक्ष डॉलर देण्याचें मान्य केलें.

मग लोक हें सोसतात कां? उत्तर सोपें आहे, व दुःखदही आहे. त्यांस तें काम आवडतें. बालपणीं ज्या खेळांनीं वेड लाविलें तसले खेळ आपल्या हातून व्हावे, ही त्यांची हौस असते. शेजारचा मित्र बसला असतां आपण उठून घरीं जावें, ह्याची त्यांस लाज वाटते. शिवाय दाराबाहेर तितकेच हौशी तरुण जागेची वाट पाहत उभे असतात. अशा रीतीनें मनुष्याची आवड हीच त्यास बांधावयाची दोरी होते.

बरें, इतकें करून माल तरी चांगला निघतो काय? पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट कंपनीनें २०१९ सालीं ‘सक्तीचें जादा काम लादणार नाहीं’ असें आश्वासन दिलें होतें. परंतु ‘सायबरपंक २०७७’ ह्या खेळाची तारीख वारंवार पुढें गेल्यावर २०२० च्या सप्टेंबरांत सहा दिवसांचा आठवडा करावा लागला. जादा कामाचें वेतन दिलें जात होतें. तथापि डिसेंबरांत खेळ बाहेर पडला तेव्हां जुन्या यंत्रांवर त्यांत इतके दोष आढळले कीं सोनी कंपनीनें तो आपल्या दुकानांतून कांहीं महिने काढून टाकला. ते दोष निस्तरण्यांत पुढें दीर्घ काळ गेला. थकलेला हात चुका करतो, आणि त्या सुधारावयास पुन्हां तोच हात लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं ह्या स्थितीचीं तीन लक्षणें नमूद केलीं: शक्ति संपल्याची भावना, कामाविषयीं मनांत दुरावा किंवा तिटकारा, आणि कर्तबगारी घटणें. संघटनेनें ह्यास रोग म्हटलेलें नाहीं. फार काळ न आवरलेल्या कामाच्या ताणाचा तो परिणाम होय, असें म्हटलें आहे. ह्यांतील दुसरें लक्षण आमच्या विषयाचें मर्म आहे. आवड कमी होती म्हणून माणूस थकला, असें नव्हे; अति थकला म्हणून आवड गेली.

येथें आमचाही एक अपराध सांगणें प्राप्त आहे. कांहीं वर्षांपूर्वीं स्नेहसंमेलनाच्या नाटकाचे पडदे एका विद्यार्थ्यानें रंगविले. त्याचा हात चांगला होता, व त्यास आवडही होती. म्हणून आम्हीं त्यास रोज रात्रीं उशीरापर्यंत ठेवून घेतलें. पडद्यांची वाहवा झाली. पुढल्या वर्षीं चित्रकामासाठीं नांवें मागितलीं तेव्हां त्यानें मान खालीं घातली. ‘आवड आहे, करूं द्या’ असें आम्ही तेव्हां म्हणत होतों. तेंच त्या कंपन्याही म्हणतात.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही हा धंदा करूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. चित्रकला, गणित, भाषा मन लावून शिका. त्या सर्वांचा तेथें उपयोग आहे. नोकरी धरतांना मात्र पगाराबरोबर तेथें आधीं काम करणाऱ्यांस हेंही विचारा कीं, तारीख जवळ आली म्हणजे घरीं किती वाजतां जातां? दहा वर्षें टिकलेले लोक येथें किती आहेत? आणि पालकांनीं मुलाचा पगार पाहावा तशी त्याची झोंपही पाहावी. ज्या गोष्टीविषयीं तो पूर्वीं तासन्‌तास बोलत असे तिचें नांव त्यानें टाकलें, तर तो आळसावला असें समजूं नये. त्यास जवळ बसवून विचारावें.

त्या निबंधांखालीं आम्हीं गुण दिले व एक ओळ लिहिली: ‘अवश्य हो, परंतु रात्रीं घरीं जा.’