फरारी शिपाई

आर्सचे संत जॉन व्हियान्नी हे आम्हां धर्मगुरूंचे आश्रयदाते. पण सरकारदप्तरी ते एके काळी फरारी शिपाई होते, हे थोड्यांसच ठाऊक असते. १७९८ च्या कायद्याने फ्रान्समधील विशी ते पंचविशीचे तरुण सक्तीच्या सैन्यभरतीत आले. गुरुविद्यार्थ्यांस सूट असे. परंतु व्हियान्नींचे नाव त्या यादीत चढलेच नाही, आणि १८०९ साली नेपोलियनच्या स्पेनमधील युद्धासाठी त्यांस बोलावणे आले. पित्याने ३,००० फ्रँक देऊन बदली माणूस ठरविला. (धनिकांस ती वाट मोकळी होती, गरिबांचे मुलगे निमूट जात.) त्या माणसाने थोड्याच दिवसांत पैसे परत आणून टाकले.

आजारपणामुळे व्हियान्नी तुकडीच्या मागे राहिले आणि ले नोए या डोंगरी खेड्यात पोहोचले. तेथे क्लोदीन फायो या विधवेने, स्वतःची मुलेबाळे पदरी असता, त्यांस आसरा दिला. झडती आली की ते गवतात दडत. एरवी नाव पालटून गावच्या मुलांस शिकवीत. त्या माउलीचे धैर्य आम्हांस कोणत्याही सेनापतीहून उणे वाटत नाही.

१८१० साली बादशहाच्या विवाहानिमित्त फरारींस माफी मिळाली. मात्र व्हियान्नींच्या जागी धाकटा भाऊ फ्रांस्वा सैन्यात गेला. १८१३ नंतर त्याची काहीच खबर घरी आली नाही.