एडीपीचा थेंब पडताच

उंदराचं यकृत टेबलावर येतं तेच बर्फातून. तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) पेशीबाहेर काढायच्या तर ऊब अजिबात चालत नाही. नळ्या, द्रावण, सेंट्रिफ्यूज, सगळं आधीच गार करून ठेवायचं. द्रावण साखरेचं, लिटरला सुमारे ८५ ग्रॅम. साध्या पाण्यात तंतुकणिका फुगून फाटतात. १९४८ मध्ये होजबूम, श्नायडर आणि पॅलेड यांनी साखरेच्या द्रावणात त्या धडधाकट वेगळ्या काढल्या, तेव्हापासून ही वाट रुळली.

यकृताचे बारीक तुकडे काचेच्या नळीत घालायचे आणि टेफ्लॉनचा दांडा चार-पाचदा वरखाली करायचा. पेशी फुटली पाहिजे, पण तंतुकणिका शाबूत राहिली पाहिजे. जोर किती लावायचा ते सवयीनेच हाताला कळतं. आधी हळू फिरवलं की केंद्रकं खाली बसतात. वरचा द्रव वेगळा घेऊन जोरात फिरवला की तळाला बदामी थर धरतो. मऊ कुंचल्याने तो सोडवून घेतला, की पुढचं सगळं काही तासांतच उरकावं लागतं.

मला खरी ओढ असते ती त्या पुढच्या भागाची. बंद कुपीत तंतुकणिका, इंधन म्हणून सक्सिनेट, शिवाय फॉस्फेट. शेजारी ऑक्सिजन मोजणारं इलेक्ट्रोड. पडद्यावरची रेषा संथ उतरत असते. इंधन आहे, ऑक्सिजन आहे, तरी घाई नाही. बारीक सुईतून एडीपीचा, म्हणजे एटीपी या ऊर्जारेणूच्या कच्च्या मालाचा, थेंब सोडला की रेषा धाडकन खाली धावते. एडीपीचं एटीपी होऊन संपलं, की पुन्हा संथ. पुस्तकातलं ‘पेशीचं ऊर्जाघर’ वाचून डोळ्यांपुढे सतत धगधगणारी भट्टी येते. इथे मात्र मागणी आली की कामाला जोर चढतो, हे डोळ्यांदेखत दिसतं.

याचं कारण तंतुकणिकेच्या आतल्या घडीदार पटलात आहे. इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे जाताना प्रोटॉन पटलाबाहेर ढकलले जातात. त्यांची परतीची मुख्य वाट एटीपी बनवणाऱ्या विकरातून जाते आणि एडीपी नसेल तर ती अडते. बाहेर प्रोटॉन साचले की आणखी ढकलणं जड होतं, म्हणून ऑक्सिजनचा खपही मंदावतो. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये हे मांडलं तेव्हा फार थोड्यांना पटलं. १९७८ मध्ये त्यांना त्यासाठीच नोबेल मिळालं.

शेवटी डायनायट्रोफेनॉल घालायचं. ते प्रोटॉनना पटलातून परस्पर आत नेतं. एडीपी नसतानाही रेषा कोसळते, ऑक्सिजन संपतो आणि हाती येते नुसती उष्णता. १९३० च्या दशकात अमेरिकेत हेच रसायन वजन घटवायला विकलं जायचं. अंग तापून माणसं दगावली. मोजणी झाल्यावर कुपी अल्कोहोलने पुन्हा पुन्हा धुतो, कारण काचेला चिकटलेला अंशसुद्धा पुढच्या नमुन्याची रेषा बिघडवतो.