उसनी घेतलेली उंची

जालना जिल्ह्याची दक्षिण सीमा गोदावरीला टेकलेली आहे. अंबड तालुक्यातले शहागड हे गाव याच काठावरचे. नदीच्या वरच्या अंगाला पैठणजवळ जायकवाडीचे धरण आहे. ऑगस्ट २००६मध्ये या धरणातून मोठा विसर्ग करावा लागला, तेव्हा गोदाकाठच्या गावांत पाणी शिरले होते. अशा प्रसंगी पाणी कुठवर चढले, शाळेत किती माणसे आणून ठेवली, कोणाला औषध हवे, ही माहिती जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचणे अत्यंत गरजेचे असते. आणि नेमक्या त्याच वेळी वीज गेलेली असते व मोबाइलचा मनोरा बंद पडलेला असू शकतो.

समजा, अशा वेळी शहागडच्या एका शिक्षकाच्या हातात वॉकीटॉकी आहे आणि तसाच दुसरा संच जालन्यात एका माणसाजवळ आहे. दोन्ही ठिकाणांत सरळ रेषेत ५० किलोमीटरहून अधिक अंतर आहे. या दोघांचे बोलणे होईल का?

बहुतेक विद्यार्थी म्हणतील, 'संच जास्त शक्तीचा असला तर होईल.' हे उत्तर चुकीचे आहे. ते का चुकीचे आहे हे समजले, की बिनतारी संदेशवहनाचा निम्मा विषय समजला असे म्हणता येईल.

पल्ला कशाने ठरतो?

आकाशवाणीच्या मध्यम लहरी जमिनीच्या कडेने वाकत जातात. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या आयनीभूत थरांवरून परततात. वॉकीटॉकीच्या लहरी मात्र यापेक्षा खूप आखूड असतात. १४५ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे २ मीटर भरते. या लहरी जवळजवळ प्रकाशासारख्या सरळ जातात. म्हणून त्यांचा पल्ला क्षितिजापर्यंतच असतो.

क्षितिज किती दूर आहे हे दहावीच्या भूमितीने काढता येते. पृथ्वीची त्रिज्या ६३७० किलोमीटर धरून निरीक्षकापासून पृथ्वीला स्पर्शिका काढली आणि पायथागोरसचा सिद्धांत वापरला, तर क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये ३.५७ गुणिले उंचीचे वर्गमूळ इतके येते. यात उंची मीटरमध्ये घ्यायची. हवेची घनता वरच्या दिशेने कमी होत जाते, त्यामुळे रेडिओलहरी किंचित खाली वाकतात. म्हणून त्यांच्यासाठी ३.५७ऐवजी ४.१२ हा आकडा घेतात.

आता आकडे घालून पाहू. तोंडाजवळ धरलेला संच जमिनीपासून १.५ मीटर उंच असतो. १.५चे वर्गमूळ १.२२, म्हणून त्याचे क्षितिज सुमारे ५ किलोमीटरवर. समोरच्या माणसाचेही ५ किलोमीटर. दोन्ही मिळून १० किलोमीटर, तेही अगदी सपाट, मोकळ्या जमिनीवर. खोक्यावर छापलेला पल्ला बहुधा अशाच आदर्श परिस्थितीतला असतो. गावात घरे, झाडे आणि चढउतार आड येतात व तो दोन-तीन किलोमीटरवर येतो. इथे शक्ती दुप्पट-चौपट करून फारसे काही साधत नाही. डोंगराआडची वस्तू पाहण्यासाठी विजेरी मोठी करून जसा उपयोग नाही, तसेच हे आहे.

सूत्रात शक्ती कुठेही नाही. आहे ती उंची. मग ५० किलोमीटरसाठी उंची आणायची कुठून?

अंबडला मत्स्योदरी देवीचे मंदिर टेकडीवर आहे. जालना आणि शहागड यांच्या साधारण मधोमध हे ठिकाण येते. दोन्हीकडे पंचवीस-तीस किलोमीटर. अशा एखाद्या टेकडीवरची अँटेना भोवतालच्या जमिनीपेक्षा ५० मीटर उंच आहे असे उदाहरणासाठी धरू. ५०चे वर्गमूळ ७.०७, क्षितिज सुमारे २९ किलोमीटर. त्यात हातातल्या संचाचे ५ मिळवले की ३४. म्हणजे टेकडीवरच्या यंत्राला शहागडही 'दिसते' आणि जालनाही 'दिसते', जरी त्या दोघांना एकमेक दिसत नसले तरी. टेकडीवरच्या या यंत्राने एकाचे ऐकायचे आणि तेच त्याच क्षणी मोठ्याने पुन्हा सांगायचे. यालाच रिपीटर म्हणतात. रिपीटर म्हणजे सर्वांनी मिळून उसनी घेतलेली उंची.

ऐकणे आणि बोलणे एकाच वेळी

हे ऐकायला सोपे वाटते, पण त्यात एक मोठी अडचण आहे. ती वर्गात करून पाहता येते. एका विद्यार्थ्याला शाळेच्या इमारतीच्या एका बाजूला आणि दुसऱ्याला विरुद्ध बाजूला उभे करा. तिसऱ्याला कोपऱ्यावर अशा जागी ठेवा, की त्याला दोघेही दिसतील. पहिल्याने हळू आवाजात परिच्छेद वाचायचा आणि कोपऱ्यावरच्याने न थांबता, ऐकता ऐकताच, तो ओरडून सांगायचा. दोन-तीन वाक्यांत तो गोंधळतो. त्याच्या स्वतःच्या ओरडण्यात पहिल्याचा आवाज बुडून जातो.

रिपीटरचे दुखणे याहून कितीतरी मोठे आहे. चांगल्या ग्राहकाला ०.२ मायक्रोव्होल्टचा संदेशही ऐकू येतो. ५० ओहम रोधावर ही शक्ती काढली तर वॅटच्या एकावर पंधरा शून्यांच्या भागाहूनही कमी येते. शेजारचा प्रक्षेपक मात्र १० वॅटने बोलत असतो. दोन्हींचे गुणोत्तर एकावर सोळा शून्ये इतके होते! विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे.

यावरचा उपाय म्हणजे ऐकण्याची आणि बोलण्याची वारंवारता वेगळी ठेवणे. दोन मीटरच्या पट्ट्यात हा फरक सहसा ६०० किलोहर्ट्झचा असतो. रिपीटर १४५.० मेगाहर्ट्झवर ऐकत असेल, तर १४५.६वर बोलतो. त्याचा वापर करणारे संच याच्या उलट लावावे लागतात. ते १४५.०वर बोलतात आणि १४५.६वर ऐकतात. नवीन माणसाची पहिली चूक इथेच होते. दोन्हीकडे एकच वारंवारता लावली, की रिपीटर ऐकू येतो, पण आपले त्याला ऐकू जात नाही.

ग्राहक आणि प्रक्षेपक यांना एकच अँटेना वापरता यावी म्हणून मध्ये धातूच्या पोकळ नळकांड्यांची गाळणी बसवतात. प्रत्येक नळकांडे विशिष्ट वारंवारतेला अनुनाद देते. त्यामुळे एक वारंवारता पुढे जाते आणि दुसरी अडते. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर एकच सूर निघतो, तसाच हा प्रकार.

आणखी एक युक्ती असते. भटक्या लहरींनी रिपीटर उगीच चालू होऊ नये, म्हणून प्रत्येक संच आवाजाबरोबर एक मंद सूर पाठवतो. त्याची वारंवारता बहुधा ६७ ते २५४ हर्ट्झच्या दरम्यान असते. समोरच्या संचात तो गाळला जात असल्याने कानाला जाणवत नाही. हा सूर ओळखीचा असला तरच रिपीटर दार उघडतो.

शिस्त आणि बॅटरी

रिपीटरवर एका वेळी एकानेच बोलायचे असते. दोघे एकदम बोलले, तर वारंवारता-अधिमिश्रणाच्या गुणधर्मामुळे जोरदार लहरीचा आवाज निघतो आणि क्षीण लहरीचा माणूस पुसला जातो. पुरात अडकलेला माणूस क्षीण लहरीचाच असण्याची शक्यता अधिक. म्हणून नियम असा, की बटण दाबून क्षणभर थांबावे, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. मग थोडक्यात बोलून 'ओव्हर' म्हणावे. आणि उत्तर देण्यापूर्वी तातडीच्या संदेशाला वाट मिळावी म्हणून दोन क्षण मोकळे सोडावेत. अँटेना उभी धरावी, कारण रिपीटरची अँटेनाही उभीच असते.

या शिस्तीचा विजेशीही संबंध आहे. समजा, टेकडीवर १०० अँपिअर-तासाची बॅटरी आहे. रिपीटर बोलताना ५ आणि नुसते ऐकताना अर्धा अँपिअर प्रवाह घेतो. अखंड बोलणे चालले तर बॅटरी २० तासांत संपेल. एकूण वेळाच्या चौथ्या भागातच बोलले, तर सरासरी प्रवाह सुमारे १.६ अँपिअर होतो आणि तीच बॅटरी ६० तासांपर्यंत पुरते. दोन जादा रात्री मिळतात, त्या केवळ कमी बोलण्याने.

परवाना हवाच का?

वारंवारता ही विहिरीच्या पाण्यासारखी सामाईक गोष्ट आहे. एकाने वाटेल तसे केले, की सगळ्यांची पंचाईत होते. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या अरुंद पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या संचांना २०१८च्या नियमांनी परवान्यातून सूट दिली आहे. बाकीच्या बहुतेक वॉकीटॉकींना परवाना लागतो. बाजारात हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी दिसतात आणि घेणाऱ्याची फसगत होते. म्हणूनच २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. संच घेण्यापूर्वी तो कोणत्या वारंवारतेवर चालतो आणि त्याला परवाना लागतो का, हे पाहणे आवश्यक आहे.

ज्याला रिपीटरसह खरा अभ्यास करायचा आहे, त्याच्यासाठी हौशी रेडिओचा म्हणजे हॅमचा मार्ग आहे. त्यासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा असते. १९७८च्या नियमांत वयाची किमान अट १२ वर्षे ठेवली होती, म्हणजे शाळकरी मुलांचा विचार त्यात होताच. पहिल्या पायरीच्या परीक्षेला मोर्स लिपीची अट नाही. रिपीटर उभारायला मात्र वेगळी परवानगी घ्यावी लागते.

किल्लारीचा धडा

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. भारतातले पहिले मोबाइल संभाषण ३१ जुलै १९९५ला झाले, म्हणजे तेव्हा मोबाइल नव्हतेच. हौशी रेडिओचालकांनी आपली यंत्रे त्या भागात नेली आणि संदेशवहनाला हातभार लावला. त्यांना हे जमले, कारण भूकंपापूर्वीच ते हौसेने रोज बोलत होते. संकटाच्या दिवशी खोक्यातून काढलेला संच निरुपयोगी ठरतो. बॅटरी उतरलेली असते, वारंवारता कोणाला ठाऊक नसते आणि ऐकायला पलीकडे कोणी नसते.

आज मोबाइल आहेत. पण मोबाइलचा मनोरा हाही उसन्या उंचीचाच प्रकार. त्यालाही वीज लागते, आणि सगळ्यांनी एकदम फोन केले तर तोही अडतो.

सर्वांत उंच टेकडी

सर्वांत उंच रिपीटर अर्थातच उपग्रहावर असतो. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून 'इस्रो'ने ४२.५ किलोग्रॅमचा हॅमसॅट हा खास हौशी रेडिओचालकांसाठीचा उपग्रह सोडला. २०१४पर्यंत त्याने काम केले. वरच्या सूत्रात ६३० किलोमीटर उंची घातली, तर क्षितिज सुमारे २८०० किलोमीटरवर जाते! अर्थात तो उपग्रह फिरता असल्याने एका खेपेला थोडीच मिनिटे मिळत.

जालन्याच्या वाचकांना याचे अप्रूप वाटायला नको. त्यांच्या शहराजवळच केंद्र सरकारचे उपग्रह-संदेशांवर लक्ष ठेवणारे भूस्थानक आहे. कोणाची लहर कोणाच्या कामात आड येते का, हे तिथल्या तबकड्या ऐकत असतात. विहिरीवरची राखण म्हणतात ती हीच.

शाळेत सुरुवात करायला संच किंवा परवाना लागत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचा आपल्या तालुक्याचा नकाशा घ्यावा. समोच्चरेषांवरून आपली शाळा, जवळची टेकडी आणि तालुक्याचे ठिकाण यांमधल्या जमिनीचा छेद आलेखकागदावर काढावा आणि पट्टी ठेवून पाहावे, की रेषा कुठे अडते. कोणत्या टेकडीवरून सर्वाधिक गावे 'दिसतात' हे आठवीच्या मुलांनाही शोधून काढता येते. ते उत्तर कागदावर लिहून ग्रामपंचायतीत देऊन ठेवावे. पुढचा पूर येईल तेव्हा कोणालातरी ते लागेल.